सुरुवातीला अडखळणारा सुलतान

बॅकगॅमन किंवा आपल्याकडच्या सोंगट्यांसारख्या खेळात डावाची सुरुवात बरीचशी फाशांच्या हाती असते. दान वाईट पडले, तर नशिबाला बोल लावून मोकळे होता येते. बुद्धिबळात ती सोय नाही. तेथे पहिली चाल पूर्णपणे खेळाडूची स्वतःची आणि तिचा हिशेबही त्यालाच चुकता करावा लागतो. म्हणूनच गेली काही शतके युरोपातील बुद्धिबळपटूंनी डावाच्या सुरुवातीचे एक स्वतंत्र शास्त्र उभे केले. कोणते प्यादे आधी सरकवायचे, घोडा कुठे ठेवायचा, उंट कधी बाहेर काढायचा याचे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. हे ग्रंथ पाठ नसलेला खेळाडू मोठ्या स्पर्धेत पहिल्या पंधरा-वीस चालींतच गारद होतो, असा तेव्हाही समज होता आणि आजही आहे.

हा समज ज्याने चार-पाच वर्षे पुरता डळमळीत करून सोडला, तो खेळाडू अविभाजित पंजाबातील एका खेड्यातून आला होता. मीर सुलतान खान हे त्याचे नाव. १९२९ ते १९३३ या अल्प काळात त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले, माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवले, रुबिनस्टाइन आणि फ्लोर यांच्यासारख्यांना नमवले, आणि मग एके दिवशी पटावरून उठून जावे तसे ते या जगातून निघून गेले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. गंमत अशी, की त्यांच्या खेळाबद्दल लिहिणारा जवळपास प्रत्येक जण एका गोष्टीवर बोट ठेवतो. डावाची सुरुवात ही त्यांची दुबळी बाजू होती.

ती दुबळी का होती, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या गावी जायला हवे.

सध्या पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या पश्चिम भागात मिठा टिवाणा नावाचे गाव आहे. सुलतान खान यांचा जन्म तेथला. सालाबद्दल एकवाक्यता नाही. कोणी १९०३ म्हणतात, कोणी १९०५. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले. पण हे बुद्धिबळ म्हणजे देशी बुद्धिबळ. आपल्याकडच्या जुन्या पिढीतील खेळाडूंनाही त्याचे नियम परिचयाचे होते. विलायती खेळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा असते. देशी खेळात प्यादे एकच घर सरकते. विलायती खेळात राजा आणि हत्ती मिळून एकाच चालीत जागा बदलतात आणि राजा कोपऱ्यात सुरक्षित जातो. त्याला कॅसलिंग म्हणतात. देशी खेळात ही सोय नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येते, तीही त्याला शह बसलेला नसेल तर. बाकीचे नियम प्रांताप्रांतात थोडेफार बदलत.

हे फरक वरकरणी किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात त्यांनी खेळाचा सगळा स्वभावच बदलतो. प्यादी एकेक घर सरकत असल्याने दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायला बराच वेळ लागतो. तोवर प्रत्येक जण आपापल्या बाजूला मोहऱ्यांची मांडणी करत बसतो. एखादी चाल उशिरा झाली, एखादा उंट घरातच राहिला, तरी लगेच आभाळ कोसळत नाही. खरी लढाई पुढे, मध्यडावात आणि शेवटी जुंपते. अशा खेळात लहानाचा मोठा झालेला खेळाडू सुरुवातीबाबत निवांत आणि शेवटाबाबत कमालीचा चिवट होतो. युरोपीय खेळात याच्या नेमके उलट. दोन घरे झेपावणाऱ्या प्याद्यांमुळे चौथ्या-पाचव्या चालीलाच पटाच्या मध्यभागी चकमक सुरू होते, आणि तिथे दोन चाली वाया घालवणाऱ्याची धडगत नसते.

विशीच्या सुरुवातीलाच पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू म्हणून सुलतान खान यांचे नाव झाले. ते मलिक सर उमर हयात खान टिवाणा यांच्या कानी गेले आणि येथून या कहाणीला वळण मिळते. सर उमर हे बडे जमीनदार, लष्करात मानाचा हुद्दा असलेले, इंग्रजी राज्याशी पूर्णपणे एकनिष्ठ. त्यांचे पुत्र खिज्र हयात खान पुढे फाळणीपूर्व पंजाबचे पंतप्रधान झाले. सर उमर यांना खेळांचा शौक होता आणि गुणी माणसे पदरी बाळगण्याचाही. त्यांनी सुलतान खान यांना आपल्या आश्रयाला घेतले आणि त्यांना विलायती नियमांचे बुद्धिबळ शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये सुलतान खान अखिल भारतीय स्पर्धेत उतरले आणि आठ डाव जिंकून, एक बरोबरीत सोडवून, एकही न हरता विजेते झाले. पुढच्या वर्षीच्या वसंतात सर उमर लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्या लवाजम्यात सुलतान खानही होते.

लंडनमध्ये त्यांच्यासाठी म्हणून एक सराव स्पर्धा भरवण्यात आली. निकाल निराशाजनक लागला. सुलतान खान दुसऱ्या एका खेळाडूसह तळाला राहिले. कारण उघड होते. सुरुवातीचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते आणि युरोपीय पद्धतीच्या स्पर्धांचा अनुभवही नव्हता.

या स्पर्धेत त्यांच्या पुढे राहिलेले दोन इंग्रज खेळाडू, विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स, यांनी मग त्यांची तयारी करून घेतली. या जोडगोळीबद्दल थोडे सांगायला हवे. विंटर कट्टर साम्यवादी. राजद्रोही भाषणाबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला होता. येट्स अनेक वेळा ब्रिटिश विजेता झालेला, पण बुद्धिबळावरील लेखनावर कसेबसे पोट भरणारा. पुढे १९३२ मध्ये राहत्या खोलीत गॅसगळतीने त्याचा अंत झाला. साम्राज्याच्या एका खंद्या समर्थकाने आणलेल्या खेळाडूला साम्राज्यावर दात ओठ खाणारा एक साम्यवादी आणि एक फाटका पत्रकार मिळून शिकवतात, हा योगायोग इतिहासातच घडू शकतो.

शिकवून शिकवून ते काय शिकवणार होते? राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा अवघ्या काही आठवड्यांवर आलेली. वर्षानुवर्षांची ग्रंथसंपदा एवढ्या वेळात कोणाच्याही डोक्यात उतरवता येत नाही. त्यातून भाषेची अडचण होतीच. पण सुलतान खान यांचे उपलब्ध डाव समोर ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी सुरुवातीचे शास्त्र पाठ करण्याचा नाद फारसा केलेला नाही. त्याऐवजी अशा शांत, बंदिस्त मांडण्या निवडल्या, की जिथे प्रतिस्पर्ध्याच्या पाठांतराचा उपयोग कमीत कमी व्हावा. वजिराच्या बाजूची प्यादी हळूहळू रचायची, मध्यभाग घाईने उघडू द्यायचा नाही, मोहऱ्यांची अदलाबदल लवकर करायची नाही. काळ्या मोहऱ्या असतील तर कॅरो-कानसारखा भक्कम बचाव. पंधराव्या चालीला आपली अवस्था किंचित संकोचलेली असली तरी चालेल, पण मोडलेली असता कामा नये. तेथून पुढे पट त्यांचा.

ओपनिंग सुधारू पाहणाऱ्या कोणत्याही हौशी खेळाडूने या पद्धतीकडे लक्ष द्यावे. सामान्यतः आपण सुरुवात सुधारायची म्हणजे अधिक चाली पाठ करायच्या, असे धरून चालतो. प्रतिस्पर्ध्याने पुस्तकातली सातवी चाल सोडून भलतीच खेळली, की मग आपण उघड्यावर पडतो. सुलतान खान यांनी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. आपल्याला शेवट येतो ना? मग शेवटापर्यंत धडपणे नेईल अशी सुरुवात हवी. बाकी काही नाही.

ही पद्धत नेहमीच फळली असे मात्र नव्हे. अव्वल प्रतिस्पर्ध्यांपुढे तिची किंमतही मोजावी लागली. १९३२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जगज्जेता अलेखिनने त्यांच्या कॅरो-कान बचावावर सरळ चाल करून जात, मध्यभाग झटपट उघडून त्यांना नमवले. सुरुवातीच्या एक-दोन शिथिल चालींची शिक्षा द्यायला अलेखिन एवढा हात दुसऱ्या कोणाचा तयार नव्हता. त्या स्पर्धेत तरीही ते चौथे आले, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा १९२९कडे वळू. त्या उन्हाळ्यात रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. काही महिन्यांपूर्वी तळाला राहिलेला हा हिंदी खेळाडू तेथे पहिला आला. साऱ्या इंग्लंडला धक्का बसला. विजयानंतर थोड्याच दिवसांत सर उमर भारतात परतले आणि साहजिकच सुलतान खानही परतले. हा साहजिकच शब्द या चरित्रात पुन्हा पुन्हा येतो. स्पर्धांची निमंत्रणे खेळाडूच्या नावे येत. खेळायचे की नाही, कुठे राहायचे, कधी निघायचे हे आश्रयदात्याच्या वेळापत्रकावर ठरे.

मे १९३० मध्ये ते पुन्हा युरोपात आले आणि पुढची साडेतीन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा खरा काळ. बेल्जियममधील लिएज येथे निम्झोविचसारखा मातब्बर स्पर्धेत असताना ते तार्ताकोव्हरच्या पाठोपाठ दुसरे आले. हॅम्बुर्गच्या ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर त्यांना बसवण्यात आले. इंग्लंडच्या संघात, पहिल्या पटावर, पंजाबातील खेड्यातला माणूस! आज या वाक्याचे वैचित्र्य जाणवते. तेव्हा साम्राज्याच्या व्याख्येत ते बसून जात होते.

आणि मग हेस्टिंग्ज. नाताळच्या सुटीत भरणारी ही स्पर्धा बुद्धिबळाच्या जगात मानाची. १९३०-३१च्या मेळ्यात होसे राऊल कॅपाब्लांका आला होता. १९२१ ते १९२७ हा जगज्जेता. त्याआधी आणि त्या काळात मिळून सलग आठ वर्षे एकही डाव न हरलेला. त्याच्या खेळातील सहजता अशी, की चूक हा शब्द त्याच्यासाठी नाहीच असे लोकांना वाटे. त्याच्यासमोर पांढऱ्या मोहऱ्या घेऊन सुलतान खान बसले.

या डावाची सुरुवात बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिल्या चार चालींत पांढऱ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले आणि वजिराच्या बाजूची दोन प्यादी पुढे सरकली. काळ्याने आपला उंट लांब कर्णावर आणून ठेवला. पाचव्या चालीला सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे फक्त एक घर पुढे केले. त्या चालीने कोणते मोहरे बाहेर येत नाही, मध्यभागावर ताबा मिळत नाही, राजा सुरक्षित होत नाही. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ही एक चाल वाया घालवणेच होते. तिचा हेतू एवढाच, की काळ्याचा दुसरा उंट येऊन आपल्या घोड्याला जखडून ठेवील, ते घर आधीच बंद करून टाकावे. म्हणजे संकट यायच्या आत त्याच्या वाटेवर कडी लावायची. प्यादे एकच घर सरकणाऱ्या खेळात वाढलेल्या माणसाला अशी चाल खेळताना घालमेल होण्याचे कारण नव्हते.

पुढे काय झाले? पांढऱ्या राजाने कॅसलिंग केलेच नाही. तो पटाच्या मध्यातच राहिला. एकविसाव्या चालीला कॅपाब्लांकाने हत्ती थेट पांढऱ्याच्या घरात घुसवून शह दिला, आणि दोन्ही हत्ती देऊन त्यांच्या बदल्यात वजीर घेतला. हिशेबाने ही अदलाबदल जवळपास बरोबरीची, आणि मोकळा वजीर उघड्या राजाला सळो की पळो करील, अशी त्याची अटकळ असावी. पण सुलतान खान यांचा राजा त्या गोंधळात शांतपणे पावले टाकत राहिला. त्यांनी दोन्ही हत्तींची जोडी जमवली, प्यादी एकेक घर पुढे ढकलली, काळ्या वजिराला शह द्यायलाही जागा उरू नये अशी तटबंदी केली. घाई नाही, झटापट नाही. तासन्‌ तास चाललेल्या त्या आवळण्याखाली काळ्याचा डाव हळूहळू गुदमरत गेला. पासष्टाव्या चालीला तो संपला. त्या स्पर्धेतील कॅपाब्लांकाचा हा एकमेव पराभव. हॉलंडचा माक्स युवे पहिला, कॅपाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरे, असा अंतिम निकाल लागला.

पाचव्या चालीच्या त्या प्याद्याचे पुढे जे झाले, ते अधिक मजेचे आहे. तीसेक वर्षांनी, १९६३ ते १९६९ या काळात जगज्जेता असलेल्या तिग्रान पेट्रोशियनच्या नावाने नेमकी हीच कल्पना सुरुवातीच्या शास्त्रात दाखल झाली. प्रतिस्पर्ध्याचा बेत आधीच हेरून तो थोपवणे ही पेट्रोशियनची खासियत. त्यामुळे नाव समर्पकच म्हणायचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण गॅरी कास्पारॉव्हने हेच कडेचे प्यादे एक घर सरकवून कित्येक बड्या खेळाडूंना लोळवले. आज ओपनिंगच्या कोणत्याही ग्रंथात या प्रकाराला प्रकरण असते. ज्याला सुरुवातच येत नाही असे साऱ्यांनी ठरवले होते, त्याने तीच चाल १९३० च्या दशकाच्या उंबरठ्यावर, माजी जगज्जेत्याविरुद्ध, जिंकलेल्या डावात खेळलेली आहे. तिच्यावर नाव मात्र दुसऱ्याचे लागले. शास्त्रात असे होतच असते, पण येथे ते जरा जास्त टोचते.

१९३१ मध्ये त्यांनी तार्ताकोव्हरशी बारा डावांची लढत खेळली. हा तार्ताकोव्हर म्हणजे सुरुवातीच्या चालींचा चालताबोलता कोश. नवनव्या, चमत्कारिक ओपनिंग्जचा शौकीन, विनोदी लेखक, बहुभाषिक. दोघांत साम्य शोधूनही सापडू नये. सुलतान खान यांनी चार डाव जिंकले, तीन गमावले, पाच बरोबरीत सोडवले आणि लढत खिशात घातली. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये पहिल्या पटावर त्यांनी सतरा डावांत आठ विजय, सात बरोबऱ्या आणि केवळ दोन पराभव अशी कामगिरी केली. फ्लोर आणि रुबिनस्टाइन पराभूत झाले; अलेखिन आणि बोगोल्युबोव्ह यांना बरोबरीवर समाधान मानावे लागले. रुबिनस्टाइनचे नाव येथे मुद्दाम घेतले. डावाच्या शेवटच्या टप्प्यात त्याची बरोबरी करणारे त्या पिढीत फार थोडे होते.

१९३२च्या आरंभी लंडनच्या स्पर्धेत अलेखिन आणि फ्लोर यांच्यामागे अमेरिकेच्या काशदानसह ते संयुक्त तिसरे आले. फ्लोरविरुद्धची सहा डावांची लढत मात्र त्यांनी थोडक्यात गमावली. १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा जिंकले. एकूण चार वेळा त्यांनी या स्पर्धेत भाग घेतला आणि तीनदा ती जिंकली. १९३३ मध्ये तर आणखी एक नवल घडले. सर उमर यांच्याच घरातील फातिमा नावाची तरुणी ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धेत उतरली आणि दहा विजय व एक बरोबरी अशा गुणांनी, दुसऱ्या क्रमांकाला तीन गुण मागे टाकून विजेती झाली. एकाच वर्षी इंग्लंडचे पुरुष आणि महिला ही दोन्ही अजिंक्यपदे एका पंजाबी जमीनदाराच्या बिऱ्हाडात गेली. फातिमा या नावाशी आज किती क्रीडारसिकांचा परिचय आहे, हा प्रश्न न विचारलेला बरा.

या सगळ्या काळात त्यांची प्रकृती मात्र त्यांना साथ देत नव्हती. इंग्लंडची ओल त्यांना मानवली नाही. हिवताप, सर्दी, पडसे, घशाचे दुखणे हे पाठीशी लागलेले. कित्येकदा ते गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून पटावर येत. १९३३च्या फोकस्टोन ऑलिंपियाडमध्ये त्यांना चार विजय, चार पराभव आणि सहा बरोबऱ्या एवढ्यावरच थांबावे लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात सर उमर भारतात परतले. सुलतान खानही. मायदेशी परतल्यावर त्यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले होते, असे पुष्कळ वर्षांनी फातिमा यांनी सांगितले.

ते नोकर होते का? इंग्रजी लेखनात त्यांचे चित्र नेहमी असेच रंगवले गेले आहे. निरक्षर, अबोल, फेटेवाला सेवक; धन्याच्या घरी पाहुण्यांना जेवण वाढणारा. अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइन याने सांगितलेला तो मेजवानीचा प्रसंग पुस्तकांतून वारंवार येतो. सुलतान खान यांच्या कुटुंबीयांनी अलीकडच्या काळात या चित्राला ठाम आक्षेप घेतला आहे. ते पीर आणि जमीनदारांच्या घराण्यातील होते, त्यांना लिहिता-वाचता येत होते, आणि सेवकाची ही कथा म्हणजे साहेबी नजरेतून रचलेली दंतकथा आहे, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपाकडे गांभीर्याने पाहायला हवे. अशिक्षित पौर्वात्याची उपजत प्रतिभा ही कल्पना त्या काळच्या इंग्रज वाचकांना फार प्रिय होती आणि तिच्यात बसेल तेवढाच माणूस ते पाहत. देशी बुद्धिबळात वर्षानुवर्षे मुरलेला, त्या खेळाची आपली अशी एक परंपरा घेऊन आलेला खेळाडू त्यांना दिसला नाही. त्यांना दिसला तो पुस्तके न वाचलेला. कॅपाब्लांकाने मात्र प्रतिकूल परिस्थितीत मिळवलेल्या या यशाकडे असामान्य प्रतिभेचा पुरावा म्हणूनच पाहिले, हे नमूद करायला हवे. हरलेल्या माणसाने दिलेला तो दाखला आहे.

भारतात परतल्यावर १९३५ मध्ये त्यांची एक लढत झाली आणि तिचे मराठी वाचकाला अगत्य वाटेल. प्रतिस्पर्धी होते व्ही. के. खाडिलकर. दहा डाव झाले. खाडिलकरांना त्यांपैकी एक डाव बरोबरीत सोडवता आला. उरलेले नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्या काळातील भारतीय बुद्धिबळ आणि सुलतान खान यांच्यातील अंतर या एका निकालावरून कळते. त्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला त्यांचे नाव ऐकू आले नाही. वय तेव्हा तिशीच्या आसपास. बुद्धिबळपटूच्या आयुष्यात यानंतरच खरी बहराची वर्षे येतात.

सर उमर १९४४ मध्ये वारले. सुलतान खान आपल्या मुलखात जमिनीच्या तुकड्यावर शेती करत राहिले. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ज्या भारताचे अजिंक्यपद त्यांनी जिंकले होते, तो सीमेपलीकडे गेला. १९५० मध्ये जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ग्रँडमास्टर किताबांची पहिली यादी जाहीर केली. सत्तावीस नावांच्या त्या यादीत वर्षानुवर्षे न खेळलेल्या रुबिनस्टाइनचेही नाव होते आणि ते योग्यच होते. प्रागमध्ये त्याला हरवणाऱ्या सुलतान खान यांचे मात्र नव्हते. त्यांची बाजू मांडायला कोणता महासंघ होता? इंग्लंडला ते आता आपले वाटत नव्हते, भारताचे ते राहिले नव्हते आणि पाकिस्तानला ते ठाऊक नसावेत.

त्यांनी आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकवले नाही. याहून उपयोगी असे काहीतरी करा, असा त्यांचा सल्ला होता, अशी आठवण थोरल्या मुलाने सांगितली आहे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

भारताला पहिला ग्रँडमास्टर १९८८ मध्ये विश्वनाथन आनंदच्या रूपाने मिळाला. ब्रिटिश अजिंक्यपदावर २००२ मध्ये आर. बी. रमेश यांनी आणि २००३ मध्ये पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी नाव कोरले, तेव्हा सुलतान खान यांच्या अखेरच्या विजयाला सत्तर वर्षे होत आली होती. २०२० मध्ये इंग्रज ग्रँडमास्टर डॅनियल किंग याने त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि त्यानिमित्ताने सेवक की जमीनदार हा वाद पुन्हा पेटला. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब बहाल केला. संघटनेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी इस्लामाबाद येथे तो पाकिस्तानच्या तत्कालीन काळजीवाहू पंतप्रधानांकडे सुपूर्द केला. नोंदीत सुलतान खान आता पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर आहेत. ते ज्या स्पर्धा खेळले, त्यांच्या जुन्या तक्त्यांत त्यांच्या नावापुढे मात्र कुठे इंग्लंड आणि कुठे इंडिया असे लिहिलेले आढळते.